निळी वही आणि राहिलेली बावीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझे आवरण एके काळी गडद निळे होते. आता त्याची एक बाजू निळी आहे आणि दुसरी उन्हाने उडालेली, फिकट. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण शिवण अजून पक्की आहे. स्वभावाने मी मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण लपवले तरी पुढे तुमच्या लक्षात येणारच.

साकाता नावाच्या बंदराच्या गावी, बाजारपेठेत, एक लहानसे वह्या-पेन्सिलींचे दुकान आहे. कारखान्यातून माझ्यासारख्या वीस जणी तिथे आल्या. बाकीच्या कपाटात गेल्या आणि मला मात्र काचेपाशी मांडले गेले. लोकांनी बघावे म्हणून मला पुढे ठेवले, याचा मला फार अभिमान वाटला. पण दोन उन्हाळ्यांनी माझी अर्धी निळाई गेली, आणि कपाटातल्या बहिणी एकेक करून विकल्या गेल्या. त्यांचा मला किती हेवा वाटला म्हणून सांगू! शेवटी दुकानदारीणबाईंनी मला उचलले आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला हाक मारली.

"तोमोए, ही आता कोणी घेणार नाही. तुला हवी का?"

"उन्हाने रापलीय," तोमोए म्हणाली. "माझ्यासारखीच. दे."

त्याच संध्याकाळी तिने माझ्या पहिल्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरात एक नियम लिहिला: "पूर्ण पाहिल्याशिवाय मत लिहायचे नाही." त्याखाली खुणा दिल्या. उत्तम असेल तर दुहेरी वर्तुळ, चांगले असेल तर एकेरी, बरे असेल तर त्रिकोण, वाईट असेल तर फुली. तिच्या शाळेत बाई याच खुणा देत.

ही मते कशावर? टीव्हीवर लागणाऱ्या अ‍ॅनिमे, म्हणजे हलत्या चित्रांच्या मालिकांवर. तोमोए त्या जीव ओतून बघायची आणि मालिका संपली की मला उघडायची. 'लोखंडी बगळा' या यंत्रमानवाच्या मालिकेला तिने त्रिकोण दिला. 'सहा नंबरची मुलगी' ही व्हॉलीबॉलची मालिका होती. तिच्याबद्दल तिने लिहिले: "चेंडू एकदा वर गेला की पुढच्या गुरुवारीच खाली येतो. तेवढ्या वेळात मुलीला तिचे सगळे बालपण आठवते. तरीही एकेरी वर्तुळ, कारण हरलेल्या संघातल्या मुली खऱ्या रडतात." 'समुद्राखालची शाळा' हिला तिने चक्क फुली मारली. का, तर त्या शाळेत कोणीच कधी जेवत नाही. तिचे म्हणणे असे, की ज्या मालिकेत भात काढताना चित्रकाराने वाफ काढली नाही, त्या मालिकेत माणसेही मन लावून काढलेली नसतात.

मला हे सारे फार आवडे. पण एक सल होता. मालिका चालू असताना तोमोएचे डोळे टीव्हीवर असत आणि मी तिच्या मांडीवर मिटून पडलेली असे. मी टीव्हीवर जळे. पुढे तिच्या वडिलांनी मालिका टिपून ठेवणारे टेपचे यंत्र आणले, तेव्हा मी त्याच्यावरही जळले. रोज पुसण्याचे फडके त्याच्यावरून फिरे, माझ्यावरून नाही. तरी मी स्वतःची समजूत घालत असे, की बघायला ते दोघे असतील, पण मनातले सांगायला मीच आहे.

सहा वर्षे असे चालले. तोमोए मोठ्या शाळेत गेली, तिथल्या वाद्यवृंदात तुतारी वाजवू लागली. दुकानात येणारी मुलेमुली पेन्सिल घेता घेता विचारत, "तोमोए, नवी मालिका बघायची का सोडायची?" मग ती मला गल्ल्यापाशी उघडून वाचून दाखवी. त्या दिवसांत माझ्याइतकी ताठ मानेची वही साऱ्या गावात नसेल.

आणि मग रित्सुको आली. तिच्या वडिलांची बदली बंदराच्या कचेरीत झाली होती. ती पेन्सिलीचे शिसे घ्यायला दुकानात आली आणि तोमोएचे वाचन ऐकत उभी राहिली.

"बगळ्याला त्रिकोण? का बरं?" तिने विचारले.

"दर आठवड्याला तो त्याच दरीत पडतो. तारेवरचे तीन कावळेसुद्धा तेच. जुनंच चित्र परत वापरतात. मी मोजलंय, नऊ वेळा."

"कावळे मोजत बसलीस, तर बगळा कधी बघितलास?"

सगळे हसले. आता तोमोए चिडेल म्हणून मी वाट बघत राहिले. पण तीही हसली, आणि त्या मुलीवर मी तिथेच जळायला लागले.

महिनाभरात दोघींनी मिळून एक नवी वही सुरू केली. आमच्याकडे मैत्रिणींत अशी पद्धतच असते. एक दिवस एकीने लिहायचे, दुसऱ्या दिवशी दुसरीने, आणि वही दोघींच्या दप्तरांतून ये-जा करायची. ती वही लाल होती. तिला प्लास्टिकचे आवरण होते. तिच्यावर चिकटचित्रे होती. मला टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवले गेले आणि माझ्यावर शब्दकोश आला. लाल वही संध्याकाळी घरी येई, तेव्हा तिच्या अंगाला दुसऱ्या घराचा वास असे. तोमोए ती उघडताना ओठांत हसे. माझ्याकडे बघून ती कधी तशी हसली होती का, हे मी शब्दकोशाखाली आठवत बसे.

त्या वर्षी दोघींची सर्वांत लाडकी मालिका होती 'चंद्रावरचा टपालवाला'. एकटा माणूस हातात कंदील घेऊन चंद्रावर पत्रे वाटत फिरतो, आणि त्याच्या पिशवीच्या तळाशी एक पत्र असते, ज्यावर पत्ताच नसतो. एवढीच गोष्ट. पण या मालिकेत भातावर वाफ होती. शेवटचा भाग जुलैतल्या एका शुक्रवारी साडेपाच ते सहा लागणार होता.

नेमका त्याच दुपारी तोमोएच्या शाळेचा बेसबॉलचा सामना निघाला. जिल्ह्याच्या स्पर्धेतला, आणि तोही त्याच वाहिनीवर दाखवला जाणारा. वाद्यवृंदाला मैदानात जाऊन आपल्या संघासाठी वाजवावेच लागते. तोमोएने टेपच्या यंत्रावर साडेपाच ते सहा अशी वेळ लावली आणि निघताना आईला बजावले.

"आई, सामना लांबला तर मालिका पुढे ढकलतात. तसं झालं तर सहा वाजता यंत्र थांबलं, की परत टिपायला लाल बटण दाबायचं. विसरणार नाहीस ना?"

"एकदा सांगितलंस ना. जा, नाहीतर तुतारीच विसरशील."

मी फळीवरून सगळे पाहिले. शेजारच्या चार काकू, उकडलेल्या हिरव्या शेंगा आणि बार्लीचा गार चहा घेऊन आई टीव्हीपुढे बसली. नवव्या, म्हणजे खरे तर शेवटच्या डावात सामना बरोबरीत आला. दहावा डाव झाला, अकरावा झाला. साडेपाचला यंत्र आपोआप सुरू झाले आणि बेसबॉलच टिपू लागले. मध्येच पडद्यावर तोमोए दिसली, गाल फुगवून तुतारी वाजवताना. "अगंबाई, आपली तोमोए!" म्हणत सगळ्या उठून उभ्या राहिल्या. पुढे तोमोए मला म्हणाली होती, "मी जीव तोडून वाजवत होते, आणि मनात म्हणत होते, हरलो तरी चालेल, पण लवकर हरू दे."

पण संघ जिंकला. पेठेत आरडाओरडा सुरू झाला. आईने काटकसरीच्या सवयीने टीव्ही बंद केला आणि सगळ्यांबरोबर रस्त्यावर धावली. यंत्र एकटेच फिरत राहिले. मालिका पाच बावन्नला सुरू झाली आणि सहाला यंत्र खटकन थांबले. लाल बटण माझ्यापासून वीतभर दूर होते. पण वहीला हात नसतात.

तोमोएने टेप लावून पाहिली. बावीस मिनिटे बेसबॉल आणि आठ मिनिटे चंद्र. तिने यंत्र बंद केले. आई ओशाळून म्हणाली, "चुकलंच माझं. रित्सुकोला विचार की, तिने पाहिला असेल."

तेवढ्यात फोन वाजला. रित्सुकोच होती. तिचा आवाज फळीपर्यंत येत होता. "पाहिलास? आम्ही तिघं रडलो. बाबा तर टॉवेल घेऊन बसले होते."

तोमोएचा चेहरा मी ओळखला. तो माझाच चेहरा होता, शब्दकोशाखालचा. जिच्या मतासाठी सारी पेठ थांबते, तिने पाहिले नाही, आणि काल आलेल्या मुलीने आईवडिलांत बसून पाहिले.

"पाहिला," तोमोए म्हणाली.

"मग? कसा वाटला?"

"उद्या लिहिते."

तिने फोन ठेवला, शब्दकोश उचलला आणि कितीतरी दिवसांनी मला बाहेर काढले. मित्रांनो, खरे सांगते, मला आनंद झाला. पहिले पान न उघडता ती थेट शेवटच्या कोऱ्या पानावर आली आणि तिने लिहिले: "शेवट घाईत केला आहे. त्रिकोण." ते खोटे होते, हे मला ठाऊक होते. तरी ती शाई मी घटाघटा प्यायले. कारण खोटे का होईना, ते आधी माझ्याकडे आले होते. मग तिने तेच वाक्य लाल वहीत उतरवले.

तिसऱ्या दिवशी रित्सुको लाल वही घेऊन दुकानाच्या वर, आमच्या घरी आली.

"घाईत? अगं, शेवटची चार मिनिटं तर कोणी बोलतच नाही. नुसती धूळ खाली बसत असते. घाई कुठे दिसली तुला?"

"मला तसं वाटलं."

"बरं. मग कंदील शेवटी कोणाच्या हातात राहिला?"

खाली दुकानात कोणीतरी पैसे द्यायला थांबले होते. तोमोए तिकडे बघत राहिली.

"तू पाहिलाच नाहीस," रित्सुको हळू आवाजात म्हणाली. "नाही पाहिलास, तर नाही पाहिलास. मी सांगितला असता. इतके दिवस मी तुझ्या मतांशी भांडले, कारण ती तुझी होती. हे कोणाचं आहे?"

ती गेली. लाल वही तिच्याच दप्तरात राहिली आणि परत आली नाही.

मला वाटले, मी जिंकले. आता तोमोए माझी एकटीची. पण तोमोएने मला उघडलेच नाही. नव्या मालिका लागत, ती अर्ध्यातून उठून जाई. कोणी दुकानात मत विचारले, तर "मला नाही माहीत" म्हणे. तीन आठवडे मी तिच्या मेजावर सगळ्यांत वर, एकटी, मिटलेली पडून होते. ज्याच्याशी भांडायला कोणी नाही, ते मत लिहावेसेच वाटत नाही, हे मला तेव्हा कळले. ज्या मुलीवर मी जळत होते, तिच्याचमुळे तोमोएची लेखणी इतके दिवस धारदार राहिली होती.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तोमोएने मला पहिल्या पानापासून वाचायला घेतले. नऊ वर्षांच्या हाताने लिहिलेला नियम तिने पाहिला. मग शेवटचे पान काढले आणि ते दोन बोटांत धरले. माझी शिवण ताणली गेली. ती ते फाडणार होती. पण तिने बोटे सोडली, खोट्या मताखाली एक रेघ मारली आणि लिहिले: "हे न पाहता लिहिले आहे." मग तिने मला सायकलच्या टोपलीत टाकले. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच मी बाहेर निघाले.

रित्सुकोने दार उघडले. "ही कोणती?"

"लालच्या आधीची. हिच्यात पहिल्याच पानावर नियम आहे. मी मोडला. तू सगळी वाच."

रित्सुको पायरीवरच बसून वाचू लागली. मध्येच ती फसकन हसली.

"जेवत नाहीत म्हणून फुली? अगं, पाण्याखाली भात कसा शिजणार?"

"मग शाळा पाण्याखाली काढायची नाही."

"पेन्सिल दे इकडे," रित्सुको म्हणाली, आणि माझ्या समासात आपले म्हणणे लिहू लागली. दुसऱ्या कोणाचे अक्षर माझ्या अंगावर पहिल्यांदाच उमटत होते. मला वाटले होते, जळजळ होईल. तर गुदगुल्या झाल्या.

शेवटच्या पानाशी आल्यावर तिने विचारले, "शेवट सांगू?"

"नको. ऐकून मत झालं, तर ते तुझंच होईल. मी जागा सोडते."

आणि तोमोएने माझे अर्धे पान कोरे सोडले.

ती मालिका आमच्या गावाकडे पुन्हा लागली नाही. रित्सुको शिकायला दूर गेली, तिकडेच संसाराला लागली. तोमोएने दुकान सांभाळले. टेपचे यंत्र बिघडून गेले, टीव्ही दोनदा बदलला. माझे अर्धे पान कोरेच होते. सव्वीस वर्षांनी, एका पावसाळी रविवारी, रित्सुको दारात उभी राहिली. केसांत थोडे पांढरे, आणि हातात सगळ्या मालिकेची तबकडी.

"तोमोए, शेंगा उकड. बावीस मिनिटं राहिलीयत तुझी."

दोघी दुकानाच्या वरच्या खोलीत, त्याच जागी बसल्या. मी तोमोएच्या मांडीवर होते. टीव्हीवर मी तेव्हाही थोडी जळले, सवयच ती. पत्ता नसलेले पत्र कोणाचे होते ते कळले, धूळ खाली बसली. तोमोएने डोळे पुसले. रित्सुको तिच्याकडे बघत थांबली होती. मग तोमोएने मला उघडले आणि कोऱ्या जागेत लिहिले: "धुळीची चार मिनिटे फार सुंदर आहेत. त्याआधीची अठरा घाईत केली आहेत. त्रिकोण."

रित्सुकोने वाचले. "सव्वीस वर्षं थांबून त्रिकोण?"

"पूर्ण पाहिलंय आता."

रित्सुकोने तिच्या हातातली लेखणी घेतली आणि त्रिकोणाशेजारी, कागदाला भोक पडेल इतके दाबून, दुहेरी वर्तुळ काढले. मग पिशवीतून तिने लाल वही काढली आणि फळीवर माझ्याशेजारी ठेवली. तिचीही चिकटचित्रे आता गळून गेली आहेत.

मित्रांनो, तुमच्याकडेही अशी एखादी वही असेल. तिला उन्हात टाकू नका. जे पूर्ण पाहिले नाही, त्याचे मत तिच्याकडून वदवून घेऊ नका, कारण वहीला नाही म्हणता येत नाही. आणि तिच्यात खरे मत उतरले, की ती अशा मैत्रिणीच्या हाती द्या, जी भांडेल. आणखी एक, हे फक्त माझ्यापुरते. फळीवर दोन वह्या एकावर एक ठेवायच्या असतील, तर अधूनमधून जुनी वर ठेवत जा.