अक्षताची वेणी

विमानतळावरच्या बायकांच्या टॉयलेटमध्ये लता मॉप पिळत होती, तेवढ्यात तिला आरशात अक्षता दिसली. घाटकोपरला समोरच्याच खोलीत राहणारी, वर्षापूर्वी आखातात घरकामाला गेलेली अक्षता. लतानं बादली तिथेच टाकली आणि शेवटच्या संडासात शिरून आतून कडी लावली.

इथे साफसफाईला असल्यामुळे लताला चाळीत मान होता. परदेशी जाण्याबद्दल तिला सगळं ठाऊक असतं, असं लोक धरून चालत, आणि तीही ते खोडून काढत नसे. अक्षता सरकारी नोंदणी करून रीतसर जायचं म्हणत होती. त्याला वेळ लागणार होता.

"कशाला एवढी लफडी?" लताच तिला म्हणाली होती. "मरोळला माझ्या ओळखीचा एजंट आहे ना, केतन, फिरायच्या व्हिसावर झटक्यात पाठवतो."

आणि स्वतः तिला त्याच्याकडे घेऊन गेली होती.

पुढे अक्षताचे फोन यायचे बंद झाले. तिची आई विचारायला आली की लता ठोकून द्यायची, "काकू, तिकडे कामावर मोबाईल वापरू देत नाहीत." अलीकडे तर जिन्यात काकूंचा आवाज आला, की ती त्या जाईपर्यंत दाराआड थांबायची.

बाहेर नळ बराच वेळ वाहत होता. मग बंद झाला.

"लताताई, बाहेर ये गं. बघितलं मी तुला."

लता बाहेर आली. अक्षता निम्मी झाली होती. वकिलातीनं सोडवून परत पाठवलं, एवढंच ती म्हणाली.

"अक्षता, मला खरंच माहीत नव्हतं गं..."

"ते राहू दे. वेणी घालून दे. उजवा हात वर जात नाही माझा. आई बाहेर उभी आहे."

लतानं केस हातात घेतले. कानामागे एका जागी केसच नव्हते. भाजल्याचा चट्टा होता, इस्त्रीच्या टोकाएवढा. वरचे केस ओढून तिनं तो झाकला आणि वेणी घालायला घेतली. रबर दातांत धरला होता.

"त्या केतनवर कंप्लेंट करायची आहे," अक्षता आरशात बघत म्हणाली. "त्याच्याकडे मला कोणी नेलं, ते सांगणारं माणूस लागेल, असं वकिलातीतले म्हणाले. येशील ना पोलीस स्टेशनला?"

लताला गळ्यातला विमानतळाचा पास एकदम जड वाटला. पोलिसांत नाव गेलं तर आधी तो जाणार, मग नोकरी. वेणी टोकाला आली, तरी तिनं दातांतला रबर काढला नाही.

अक्षतानं थोडा वेळ वाट पाहिली. मग डाव्या हातानं वेणी पुढे घेतली, लताच्या ओठांतून रबर ओढून घेतला आणि स्वतःच तो टोकाला गुंडाळला.

"बरी दिसते ना आता? आई घाबरायला नको."

लतानं मान डोलावली.

अक्षतानं पिशवी खांद्याला लावली, ओढणी कानामागून नीट घेतली आणि बाहेर गेली.