भिंतीवरची पाठ

सकाळी दवाखाना झाडून घ्यायचा, बाहेरच्या खोलीतला टीव्ही लावायचा, मग कोपऱ्यात बसून जप करायचा आणि जप झाला की पाणी प्यायचं, हा माझा रोजचा नेम. त्या दिवशी जप संपला, पेला तोंडाला लावला आणि समोर भिंतीवरच्या टीव्हीवर मला बाईंची पाठ दिसली.

बाई म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या बाई. पाठभर खपल्या. स्वतःचा हात पोचत नाही, घरात लावून देणारं कुणी नाही, म्हणून एक दिवसाआड येतात आणि मलम मी लावते. डोळे मिटूनही कुठला चट्टा कुठे आहे ते मला सांगता येईल. उपचाराची नोंद म्हणून आम्ही फोटो काढतो, त्याला त्या कितीतरी दिवस नाहीच म्हणत होत्या. शेवटी मीच म्हटलं होतं, "बाई, या खोलीच्या बाहेर काही जाणार नाही. माझा शब्द." तेव्हा कुठे त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

आणि आता पेशंटसाठी लावलेल्या चित्रांत सूर्योदय, मग सूर्यफूल, मग बाईंची पाठ. एकेक खपली ताटाएवढी, ओली, चकाकणारी. मग बदकं. समोर एक म्हातारं जोडपं पुड्यातून बिस्किटं खात बघत बसलेलं.

"मलमाची जाहिरात दिसतेय," म्हातारा चावता चावता बायकोला म्हणाला.

पेला तसाच खाली ठेवला. मी टीव्ही बंद केला आणि आत गेले.

आत भाऊजी. डॉक्टर मॅडमच्या बहिणीचे यजमान. दवाखान्याचा कारभार त्यांच्याकडे, म्हणून सगळेच त्यांना भाऊजी म्हणतात. एका हाताने वडा, दुसऱ्या तेलकट हाताने कीबोर्ड.

"भाऊजी, टीव्हीवर पेशंटचे फोटो लागलेत."

"काय सांगता!" ते उठून बाहेर आले, टीव्ही परत लावला आणि चांगले निरखून बघू लागले. "अरेच्चा, काय स्वच्छ आलाय! माशाचे खवले मोजून घ्या नुसते." हसताना ओठावरचा तुकडा खाली पडला, तो त्यांनी पायाने बाजूला सारला.

मी पुढे होऊन टीव्ही पुन्हा बंद केला.

कंप्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने सांगितलं ते असं. आमच्या कॅमेऱ्याचा प्रोग्राम जुना, नव्या कंप्युटरवर चालत नाही. म्हणून नव्याच्या पोटात एक जुना कंप्युटर मांडून ठेवलाय, नुसता प्रोग्रामचा, खोटा. यूएसबीला काय लावलं की त्या आतल्याने ते आपोआप ओढून घ्यायचं, याचा एक नियम असतो.

"इथे कॅमेऱ्याचं नाव होतं. म्हणजे फक्त कॅमेरा आत. ते कुणी पुसलं?"

"मी," भाऊजी म्हणाले. "नवा कॅमेरा आला, तो जुन्या नावाला ओळखच देईना. दर वेळी हाताने कोण जोडत बसणार? नाव काढलं, लगेच चालू!"

"चालू होणारच. रिकामं ठेवलंत म्हणजे कुणीही या. पेन ड्राइव्हसुद्धा."

झालं होतं तसंच. टीव्हीचा पेन ड्राइव्ह भाऊजींनी आदल्या संध्याकाळी नवी चित्रं भरायला कंप्युटरला लावला, तो आतल्याने ओढून घेतला. बाहेर दिसेना, म्हणून वैतागून त्यांनी तो तसाच टीव्हीला नेऊन खोचला. तेवढ्यात प्रोग्रामने आपलं काम उरकलं होतं. समोर पेन ड्राइव्हसारखी डिस्क दिसली की नव्याने काढलेले फोटो तिच्यावर उतरवून ठेवायचे, ही त्याची सवय.

दुरुस्तीवाल्याने नव्या कॅमेऱ्याचं नाव नियमात घातलं आणि तो गेला.

मॅडम हळूच म्हणाल्या, "सिस्टर, चेहरा तर दिसत नाही ना? मग बाईंना कशाला सांगायचं? उपचार सोडतील. त्यांच्याच भल्याचं बोलतेय."

"आणि तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या," भाऊजी म्हणाले, "मौन पाळण्याची सवय असेलच की." त्यांनी पेन ड्राइव्ह उपसला, शर्टाच्या पोटाला घासला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या, पुसून दिलाय. फोटो तेवढे काढून टाका."

तो कोमट होता. चिकट होता. फोटो पुसून टाकता आले असते. पण दिलेला शब्द मोडला होता, आणि ते बाईंना ठाऊक नव्हतं. नुसत्या त्या विचाराने मला माझ्याच हाताची किळस आली. याच हाताने थोड्या वेळाने मलम लावायचं होतं.

बाई आल्या तशी मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि दार लावून सगळं सांगितलं.

त्यांनी पदर पाठीवरून घट्ट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "कोण होतं बाहेर?"

"एक म्हातारं जोडपं. बिस्किटं खात होतं."

"खातच राहिले?"

"हो."

"आणि डॉक्टर?"

"सांगू नका म्हणाल्या."

"मग का सांगितलंत, ताई?"

"शब्द माझा होता."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "कुठायत ते फोटो?"

मी टेबलावरचा पेन ड्राइव्ह चिमट्याने उचलला आणि त्यांच्यादेखत मळक्या पट्ट्यांच्या बादलीत सोडला. पू, रक्त, खपल्या, त्यातच. मग साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले.

बाई उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. "मलम लावा. कॅमेरा मात्र पुन्हा नाही. डॉक्टरांना मीच सांगेन."

मलम लावून झालं तेव्हा दार ढकलून भाऊजी डोकावले. "सिस्टर, माझा पेन ड्राइव्ह? गाणी आहेत त्यात."

मी बादलीकडे बोट केलं. त्यांनी वाकून आत बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि दोन पावलं मागे सरले.

"शी!" ते म्हणाले.