सभाघरावरचा पांढरा कागद

अशी कल्पना करा, की तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि परवा दुपारी जमिनीनं तुम्हाला झटकून पाडलंय. कपाळावर विटेची खोक आहे. घर उभं आहे, पण आत जायची बंदी. वरून पाऊस, आणि शेजारी आजोबांची छाती भात्यासारखी वाजते आहे.

मेरेआना अशीच ताडपत्रीखाली बसली होती. न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तिच्या गावात तीन माणसं गेली होती. बेकरीवाल्या बाईंवर त्यांचंच धुराडं कोसळलेलं तिनं पाहिलं होतं. आणखी एक रात्र पावसात काढली, तर कोरो वाचणार नाहीत हे तिला कळत होतं. आजोबांना ती कोरो म्हणायची.

समोर गावाचं लाकडी सभाघर होतं, कोरडं. पण पहिल्या दिवशी आपणहून आलेल्या एका इंजिनिअरनं गावातल्या झाडून सगळ्या इमारतींना लाल कागद चिकटवले होते. लाल म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही.

आज नायरी नावाची दुसरी इंजिनिअर आली. दोन तास ती सभाघराच्या तळाच्या फळ्यांखाली सरपटली, एकेक खांब ठोकून पाहिला, आणि लाल काढून तिनं पांढरा, म्हणजे आत जायला हरकत नाही असा कागद लावला.

"काल लाल, आज पांढरा," मेरेआनाचा टामेमामा म्हणाला. "रात्रीत खांबांना औषध पाजलं की काय?"

"खांब तेच आहेत. आधीचा माणूस घाबरलेला होता. सरकारी यादीत नाव न लावता आला होता. काही चुकलं असतं, तर कोर्टात त्याचं घरदार गेलं असतं. म्हणून दिसेल त्याला लाल. माझं नाव यादीत आहे. आणीबाणीत बोलावलेल्या माणसानं प्रामाणिकपणे पाहिलं आणि तरी चुकलं, तर कायदा त्याला सांभाळतो."

"म्हणजे आम्ही मेलो तरी तू मोकळी."

"हो. म्हणून तर जे दिसतं तेच लिहिते. तुझ्या दुकानावर मात्र लालच राहील. पुढची भिंत सुटली आहे."

मामाचं तळलेल्या माशांचं दुकान होतं. "माणसं उपाशी आहेत, आणि माझा फ्रीजर भरलेला आहे," तो म्हणाला आणि त्यानं लाल कागद फाडला. नायरी दारात आडवी उभी राहिली. मामानं तिच्या तोंडावर ठोसा मारला. ती चिखलात पडली, ओठ फाटला, एक दात रक्तासकट बाहेर आला. मामा तिला ओलांडून आत गेला.

तेवढ्यात जमीन पुन्हा हादरली. विटांची सगळी भिंत दुकानात कोसळली. आधी धूळ उडाली, मग मामाची किंकाळी आली. माणसं नखं तुटेपर्यंत उकरत राहिली. नायरीनं रक्त थुंकत तुळईखाली ठोकळे सरकवले. मामा जिवंत निघाला, पण गुडघ्याखाली त्याच्या पायाचा चेंदा झाला होता.

सभाघर करकरलं होतं, पण जागचं हललं नव्हतं. तरी पायरी चढायला कुणी तयार होईना. एका बाईनं नायरीच्या पाठीत वीट हाणली. "चुकलं तरी तू मोकळीच. आता कागद लावत हिंडू नकोस."

नायरी वाकली, पण गेली नाही.

कोरोंचे ओठ निळे पडले होते. मेरेआना नायरीपाशी गेली.

"आंटी, तू आत झोपशील?"

"झोपेन. पण मी झोपते म्हणून ते घर पक्कं ठरत नाही. खांब पाहिले म्हणून ठरतं."

"आणि तुझं चुकलं असलं तर?"

"कायदा मला कोर्टापासून वाचवेल, गं. छतापासून नाही. पण माझं चुकलंय असं मला वाटत नाही."

मेरेआनानं तिच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं कोरोंना उठवलं, पायरीवर बसवून त्यांचे बूट काढले, आपले काढले, दोन्ही जोड दाराबाहेर नीट लावले आणि त्यांना धरून ती आत गेली.