काहीतरी कर

मामा तुरुंगातून सुटून बहिणीकडे राहायला आला, तेव्हा घरात आधीच एक पिस्तूल होतं. चष्मेवाल्यांनी, म्हणजे त्याच्या भाऊजींनी, रीतसर परवाना काढून ते घेतलं होतं. या माणसानं उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. भिंगाची कड घासतानाही त्यांचा हात असा चाले, जणू काचेला दुखेल. पण लेकीच्या मागे एकजण हात धुऊन लागला होता. लग्नाला नकार मिळाल्यापासून तो रोज दुकानासमोर उभा राहून शिट्टी वाजवायचा. घरात त्याचं नावच शिट्टी पडलं. तक्रार केली, तर पोलीस म्हणाले, शिट्टी वाजवणं हा गुन्हा नाही.

"भाऊजी, हे कशाला घेतलंत?" मामानं विचारलं.

"नुसतं दाखवलं तरी घाबरेल."

"मग विकून टाका. तो पिस्तुलाकडे बघणारच नाही, तुमच्या तोंडाकडे बघेल. तुम्ही ऐनवेळी विचार करणार, मारू की नको. आमच्यासारखे तो विचार घरीच उरकून निघतात."

"सगळेच तुझ्यासारखे नसतात."

"तेच तर सांगतोय," मामा म्हणाला.

एका दुपारी शिट्टी दुकानात शिरला. लेक एका आजोबांच्या चष्म्याची काडी वाकवून देत होती. त्यानं तिचं मनगट धरलं. चष्मेवाल्यांनी खणातून पिस्तूल काढून दोन्ही हातांनी समोर धरलं. "मागे हो."

शिट्टीनं त्यांच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं. मग लेकीचा हात सोडून पुढे आला आणि लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं पिस्तूल काढून घेतलं. "उद्या येतो. तिची तयारी करून ठेवा," म्हणाला आणि गेला.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, बघतो म्हणाले. घरी येऊन चष्मेवाले खाली मान घालून बसले. बायको भावाजवळ गेली.

"तू काहीतरी कर."

"काहीतरी म्हणजे काय, ताई?"

"समजाव त्याला. जरा दम दे."

"नुसता दम द्यायला गेलो तर मीच मरेन. तुला काय हवंय ते तोंडानं बोल."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत राहिले. मामानं चपला घातल्या. 'जाऊ नकोस' हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. तिनं ते गिळले.

अंधार पडायच्या आत तो परतला. पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ हात धूत राहिला.

"ऐकलं का त्यानं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

मामानं त्यांच्याकडे जवळजवळ कीव आल्यासारखं पाहिलं. "भाऊजी, तो आता जन्मभर चालू शकणार नाही."

चष्मेवाले मोरीकडे धावले. त्यांच्या ओकाऱ्या थांबत नव्हत्या. तेवढ्यात पोलीस आलेच. मामानं हात पुढे केले.

चौकीत ती साहेबांपुढे उभी राहिली. "मी पाठवलं त्याला."

"काय सांगून?"

"काहीतरी कर म्हटलं."

"बाई, तेवढं तर आम्हालाही लोक रोज म्हणतात." साहेबांनी ते लिहूनही घेतलं नाही.

गजांआड मामा शांत बसला होता. "शिट्टीला दोन भाऊ आहेत," तो हळूच म्हणाला. "पोरीला घेऊन आजच निघा. दुकान विसरा."

"कुठे जाऊ रे?"

"ते मलाही सांगू नकोस."

ती घरी आली तर चष्मेवाले दुकानातून आणलेले तयार चष्मे एकेका डबीत घालत बसलेले. "लोकांचे आहेत गं. उद्या न्यायला येतील." तिनं त्यांना दंडाला धरून उठवलं.

बसमध्ये लेक खिडकीला डोकं टेकून होती. नवऱ्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. भाऊ परत आला, हात धुवायला लागला, तेव्हा तिला आधी हायसं वाटलं होतं. मग भीती वाटली, मग रडू आलं. पण आधी हायसंच वाटलं होतं. हे ती कुणाला सांगणार होती?