लाल पक्षी बेपत्ता

डोंगरमाथ्यावरच्या जंगलचौकीत रखवालदाराने अकरा वर्षं इमानेइतबारे एकच पक्षी मोजला आणि कागदोपत्री तो पाच भरला. यात लबाडी काडीची नव्हती. पक्षीनोंदीच्या छापील अर्जात ‘रंग’ या रकान्यात एकच रंग लिहायचा, असा सक्त नियम. पक्ष्याचं डोकं हिरवं, गळा जांभळा, पोट निळं, पाठ काळी आणि शेपटीच्या मुळाशी लालभडक. रखवालदाराने मुकाट पाच अर्ज भरले.

आता वरून हुकूम आला. पाचाहून कमी पक्षी असलेल्या चौक्या बंद. तपासणीला साहेब येतील. चौकी गेली की रखवालदाराची पथारी शहरात, मेव्हण्याच्या दीड खोलीत.

“माझ्या भावाकडे राहायचं म्हटलं की तोंड वाकडं!” बायको म्हणाली.

“तुझा भाऊ झोपेत भाषणं ठोकतो.”

“आणि हा तुमचा गवई उजाडल्यापासून रेकतो, ते चालतं!”

साहेब आले, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. पक्षी कठड्यावर उतरला आणि छाती फुगवून गायला लागला.

“हिरवा,” साहेबांनी पहिला अर्ज भरला. पक्ष्याने मान वर केली. “जांभळा.”

“साहेब, तो तोच—” रखवालदाराच्या तोंडून निसटलं.

“नियमापेक्षा पक्षी मोठा का हो?”

निळा झाला, काळा झाला. लाल मात्र मिटल्या पंखांखाली गडप. साहेबांनी तासभर वाट पाहिली, दोन वेळा चहा घेतला, मग पेनाला टोपण लावलं.

“चारच. चौकी बंद.”

रखवालदार पुढे धावला. “साहेब, लाल कालपर्यंत होता हो!”

“म्हणजे बेपत्ता?” साहेब ताडकन उठले. “आणि हे मला आत्ता सांगताय? बेपत्ता झालेल्याला सापडेपर्यंत पटावरून काढता येत नाही. तोवर चौकीला हात लावता येणार नाही. शोध चालू ठेवा!”

साहेब सही ठोकून पायऱ्या उतरू लागले. तेवढ्यात पक्ष्याने पंख पसरून झकास आळस दिला.

“अहो, ते बघा लाल! सापड—”

रखवालदाराने बायकोला कोपर मारलं.

“हळू बोल. मला निवृत्त व्हायला नऊ वर्षं आहेत. तोवर शोधायचंय त्याला.”