पहिल्या कॉलेजचे गुण

"केमिस्ट्रीत डी, बायॉलॉजीत डी. हे कधीचं, ओडेट?" मेडिकलच्या अर्जांचा सल्ला देणाऱ्या केस्लर मॅडमनी विचारलं.

"जुन्या कॉलेजातलं. इथे बदली घेतली तेव्हा ते तिथेच राहिलं ना, मॅडम? दोन्ही विषय इथे पुन्हा घेतले. ए मिळाला."

"आपल्या युनिव्हर्सिटीच्या सरासरीपुरतं तिथेच राहिलं. मेडिकलवाले मात्र सगळ्या कॉलेजांचं एकत्र मोजतात. नवा ए धरतात, जुना डीही धरतात."

ओडेट व्हर्डिनची सरासरी बसल्याजागी घसरली. तीन वर्षं ती कोऱ्या पाटीवर लिहीत असल्यासारखी अभ्यास करत होती.

घरी, खाडीकाठी, तिचा बाप युलिस कोळंबीचं जाळं सांधत बसला होता. ऐकून म्हणाला, "मग त्या कॉलेजचं नावच घालू नकोस. वादळात छप्पर उडालं त्याचं. कागद काय डोंबल उरले असतील?"

"उरलेत. आणि खोटं सापडलं की कायमचं दार बंद."

युलिसची सुई थांबली. "तेव्हा घरातला चिखल काढायला मीच बोलावलं तुला."

"तू आठवडाभरासाठी बोलावलंस, पपा. राहिले मी."

त्या वर्षी तिने मेडिकलला अर्ज केलाच नाही. पहाटे हॉस्पिटलात रक्ताचे नमुने घ्यायचे आणि संध्याकाळी कॉलेजात आणखी अवघड विषय घ्यायचे, असं वर्ष काढलं. पुढच्या वर्षी सगळीकडून नकार आला. बहीण म्हणाली, "नर्सिंग कर की गं, काय वाईट आहे?" "वाईट काहीच नाही. मला ते करायचं नाही," एवढंच बोलून ओडेट पुन्हा पुस्तक उघडून बसली.

त्याच्या पुढच्या वर्षी एकाच मेडिकल कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. वादळाचं सांग, असं सगळ्यांनी बजावलं होतं. समोरच्या डॉक्टरांनी विचारलंच, "पहिल्या वर्षी काय झालं?"

"वादळात घर बुडालं होतं," ओडेट म्हणाली. मग जरा थांबून, "पण कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा माझ्या वर्गातली मुलं परत गेली. मी नाही गेले, फक्त परीक्षेला बसले. घरी केलेलं काम संध्याकाळी डोळ्यांना दिसायचं. अभ्यास दिसत नव्हता."

"आणि आता?"

"आता दिसला नाही तरी करते."

डॉक्टरांनी मान हलवली. ती मान कशाची, हे तिला परतीच्या वाटेवर उमगलं नाही.

वसंतात ती ड्यूटीवरून थेट धक्क्यावर गेली. अंगात अजून हॉस्पिटलचा पांढरा डगला होता. युलिस नावेत कोळंबी निवडत होता.

"पपा, घेतलं त्यांनी मला."

तो नावेतून उतरला आणि तिच्यापाशी आला. चिकट, कोळंबीच्या घाणीने भरलेले हात त्याने दोन्ही बाजूंना लांब धरले आणि डगल्याला डाग पडू न देता नुसत्या कोपरांनी तिला जवळ घेतलं.