झाकणावरची कृपा

रिठदच्या जानरावांचा एकच हेका: ज्याची विद्या, त्याचं नाव घ्यावं. ट्रॅक्टरवर लोक 'आई-वडिलांची कृपा' लिहितात ना, तसं. आणि ह्याच चांगुलपणानं त्यांना चोर ठरवलं. आता बोला.

झालं असं, की त्यांच्या लेकीनं, योगिनीनं, बापाच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जुन्या व्हिडिओ गेमची मशिनं नव्यानं बनवली. हिमोरा कंपनीनं ती कधीचीच बंद केली होती, पण गेमच्या कॅसेटी घरोघरी पडून होत्या. योगिनी काही आंधळेपणानं उतरली नव्हती. वाशिमच्या वकिलाला आधी विचारून आली. पेटंट वीस वर्षांचं, ते संपलं, मशीन आता कोणीही बनवावं. माल तयार झाला तसा जानरावांनी ब्रश उचलला आणि हौसेनं झाकणाझाकणावर दोन ओळी रंगवल्या. वर 'हिमोरा कंपनीची', खाली 'कृपा'.

रिसोडच्या बाजारात दुकान मांडायच्या आधीच, कुठून खबर लागली कोण जाणे, कंपनीचा वकील पोलीस घेऊन दारात. सगळा माल जप्त.

"पेटंट तं संपलं नं?" योगिनीनं विचारलं.

"पेटंट संपलं. नाव संपत नसतं, ते कंपनीचंच," वकील म्हणाला. "मशीन खुशाल बनवा, नाव लिहायचं नाही."

योगिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे गुपचूप नक्कल केली असती तर साव, आणि उपकार मानले तर चोर. कोणत्या गावचा न्याय म्हणायचा हा?

मग तडजोडीचा कागद आला. 'गिऱ्हाइकाला फसवायला आम्ही हे नाव वापरलं' असं लिहून सही द्या, नाव पुसा, माल न्या. नाहीतर सगळा भंगारात.

"सही नका करू, बाबा. तुमी कोणाले फसवलं?"

"वरीसभराची मेहनत हाय थे तुई," जानराव म्हणाले. "माह्या सहीचं काय घेऊन बसली?"

जन्मात कोणाला न फसवलेल्या माणसानं स्वतःला लबाड लिहून दिलं. माल घरी आला. जानराव थिनरचा बोळा घेऊन बसले आणि वरची ओळ पुसत गेले. खालच्या शब्दावर कोणाचा दावा नव्हता, तो राहिला.

बाजारात पहिल्याच गिऱ्हाइकानं झाकण वाचलं. "कृपा? कोणाची जी?"

जानराव खाली मान घालून वायर सोलत राहिले.

"इचारू नका, भाऊ," योगिनी म्हणाली. "नाव घेतलं का गुन्हा होते."